चवीची ओळ

“ही टाकी आहे की बंब?” सिरिलनं ती तळहातावर तोलून बघितली. “खिशात ठेवली तर पॅन्ट खाली येईल माझी.”

“म्हणून तर लोक पट्टा लावतात, काका,” जॅनीन काउंटरमागून म्हणाली. “ऐंशी वॅटवर चालते. एवढी दांडगी आपल्या दुकानात पहिलीच. विकणारा म्हणतो, रोजच्या वापराला हिच्यासारखी दुसरी नाही. मी म्हटलं, ते आमचे सिरिलकाका ठरवतील. शनिवारी कळवते.”

सिरिलनं टाकी उघडली, काच डोळ्याजवळ नेली, झाकणाचे आटे अंगठ्यानं फिरवून बघितले. आटे गुळगुळीत होते. त्याला बरं वाटलं.

इंग्लंडातल्या बेकप गावात व्हेपचं, म्हणजे विजेवर रस तापवून वाफ ओढायच्या सिगारेटीचं, दुकान एकच, आणि त्या दुकानातली एक भिंत सिरिल हॉवर्थची होती. फळीवर जितक्या टाक्या मांडलेल्या, तितकी कार्डं त्यांच्याखाली टाचणीनं टोचलेली. प्रत्येक कार्डावर मोठ्या, सुट्या अक्षरांत चार ओळी: गळती, बॅटरी, खिसा, चव. वर टाकीचं नाव, खाली तारीख. लोक आत यायचे, टाकीकडे ओझरतं बघायचे, कार्ड मात्र नीट वाचायचे आणि मग बोट दाखवायचे.

हे काम त्याच्याकडे आलं ते सपातांमुळे. छत्तीस वर्षं तो घरात घालायच्या सपातांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत होता. तिथे नवा नमुना निघाला की पहिला जोड सिरिलला मिळे. सोमवारी पायात घालायचा, तो शनिवारपर्यंत काढायचा नाही. जिना चढायचा, कोळशाच्या खोलीत जायचं, सकाळी ओल्या पायरीवरून दुधाच्या बाटल्या उचलायच्या. शनिवारी फोरमनसमोर उभं राहून सांगायचं: टाच इथे दबते, शिवण इथे उसवणार. फोरमन लिहून घ्यायचा, कारण सिरिलला लिहिता येत नव्हतं. शाळेत तो मागच्या बाकावर बसला आणि तसाच बाहेर पडला. अक्षरं त्याला बेचाळिसाव्या वर्षी बायकोनं, एनिडनं, शिकवली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाच्या पुड्यांवरची आणि बिस्किटांच्या डब्यांवरची नावं गिरवून घेऊन. म्हणून त्याचं अक्षर अजूनही डब्यावरच्या अक्षरासारखं होतं, ठळक आणि सरळ उभं.

पंधराव्या वर्षापासून ओढलेल्या सिगारेटी त्यानं पासष्टाव्या वर्षी सोडल्या, याच दुकानात बसून. जॅनीनची आई कारखान्यात त्याच्या शेजारच्या यंत्रावर शिवायला असायची, त्यामुळे पोरगी लहानपणापासून त्याला काका म्हणायची. तीच एकदा म्हणाली, “काका, तुम्ही सपाता तपासायचात ना? मग या टाक्या तपासा की. जाहिरातीत सगळेच गोड बोलतात. मला ओल्या पायरीवरचं सांगणारा माणूस हवाय.” तेव्हापासून सहा वर्षं हे चाललं होतं.

टाकी रुमालात गुंडाळून तो निघणार, तेवढ्यात दार ढकलून ग्लेनिस आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, त्याच्याच गल्लीतली, सिरिलला वीस वर्षं रोज एक टोमणा मारणारी. ती आली ती खोकतच.

“काय रे म्हाताऱ्या, अजून जिवंत?”

“तुझं जेवण जेवत नाही ना, म्हणून.”

ग्लेनिस हसली, हसता हसता पुन्हा खोकली, आणि पिशवीतून एक लहान टाकी काढून तिनं काउंटरवर ठेवली. “ही घे बाई परत, जॅनीन. कुणाला तरी फुकट दे. फेब्रुवारीत नेली होती.”

“गळते?” सिरिलनं विचारलं.

“थेंब नाही. कार्डावर लिहिलंस तशीच आहे. पण ओढली की पितळेचा नळ चाटल्यासारखं लागतं रे. मी म्हटलं, सिरिलच्या कार्डावर तर ‘स्ट्रॉबेरीच्या जॅमसारखी भरपूर चव’ असं लिहिलंय, म्हणजे माझ्याच जिभेत खोट असणार. तीन आठवडे ओढली. कॉइल बदलली, रस बदलला. शेवटी कंटाळले आणि पुन्हा सिगारेट धरली.” तिनं पिशवीची चेन लावली, मग म्हणाली, “नात तीन आठवड्यांची झाली. लिऑना मांडीवर देत नाही. म्हणते, आई, आधी तो वास घालव, मग ये. बरोबरच आहे तिचं.”

जॅनीननं तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“तू कशाला तोंड पाडतोस?” ग्लेनिस सिरिलला म्हणाली. “तुझा काय दोष? आता हा बंब तपासतोयस ना? शनिवारी मी येते. तू हो म्हणालास की हाच घेते आणि काड्यापेटी कालव्यात टाकते. शेवटचा प्रयत्न. हे बसलं नाही तर नाद सोडला.”

सिरिल “बरं” म्हणाला आणि बाहेर पडला. चढावर दोनदा थांबला. एरवी एकदाच थांबायचा.

जानेवारीत त्याला ताप आला होता. ताप उतरला, खोकला गेला, पण त्यानंतर रसाची चव लागेना. व्हेप ओढणाऱ्यांत हे नवं नाही. एकच रस फार दिवस ओढला की जीभ झोपते, मग चार दिवस पाणी प्यायचं, लिंबू चावायचं, कॉफीचा डबा हुंगायचा, की जागी होते. सिरिलनंच हे अर्ध्या गावाला सांगितलेलं. त्यानं चार दिवस लिंबू चावलं, मग पुढे चार आठवडे. फेब्रुवारीत ती लहान टाकी आली तेव्हा त्यानं घरात वाफेचा ढग सोडला आणि एनिडला सहज विचारलं, “कशासारखा वास येतोय गं?” ती म्हणाली, “स्ट्रॉबेरीचा जॅम.” त्यानं तेच लिहिलं. मार्चमध्येही एका कार्डावर तसंच केलं. वाटलं, जीभ जागी होईपर्यंतचाच तर प्रश्न आहे. पण ढगाचा वास एक आणि तोंडातली चव दुसरी, हे सिरिलला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

तरीही त्या सोमवारी तो चढ चढताना मनात एक आशा धरून होता. एवढी मोठी टाकी, ऐंशी वॅट. लहान टाकीनं उठली नाही ती जीभ हिच्या दणक्यानं तरी उठेल.

मंगळवारी त्यानं गळती बघितली. टाकी छातीच्या खिशात आडवी ठेवून बर्नलीला बसनं जाऊन आला, येताना तीच उलटी करून हातमोज्यात ठेवली. हातमोजा कोरडा. बॅटरी सकाळी भरलेली, दुपारच्या जेवणालाच तिनं मान टाकली. रसाचं तर विचारू नका. कायद्यानं टाकीत दोन मिली मावतो, त्याच्या जुन्या टाकीला तेवढा सकाळभर पुरे. ही बया पंधरा-वीस मिनिटांत घटाघटा पिऊन मोकळी. आणि ढग असा की स्वयंपाकघरातून एनिड ओरडली, “सिरिल! डोंगरावरचं धुकं घरात कशाला आणलंस? मला भिंतीवरचा आपल्या लग्नाचा फोटो दिसत नाही!”

“चांगलंच आहे की. मी त्यात फार बारीक आहे.”

“तू? तुझे कान तेवढे दिसतात त्यात.”

त्यानं डोळे मिटून पुन्हा ओढली. बाटलीवर ब्लॅकबेरी लिहिलं होतं. तोंडात ऊब आली, ओलावा आला, घशाला हलकी ठेच लागली. बाकी किटलीच्या तोटीसमोर तोंड उघडून बसावं तसं.

जेवायला एनिडनं बटाटा-मटणाचं, वर पिठाचं कवच घालून भाजलेलं ‘पाय’ केलं होतं. ताट पुढे ठेवत ती म्हणाली, “मिरी आज जरा जास्तच पडली हं. आणि वरचं कवच कडेला थोडं करपलंय, कडवट लागेल.”

“छान झालंय,” सिरिल म्हणाला.

हल्ली एनिडला ही सवयच लागली होती. बेचाळीस वर्षांत ताट ठेवून कधी चकार शब्द न काढणारी बाई हिवाळ्यापासून प्रत्येक पदार्थाचं वर्णन करत बसायची. सूपात ओवा घातलाय, लोणचं यंदा आंबट उतरलंय. वय झालं की माणसं बोलकी होतात, असं सिरिलला वाटायचं. तो मान हलवून जेवायचा.

गुरुवारी दुपारी ऊन पडलं म्हणून तो बोल्सच्या मैदानावर गेला. हिरवळ मधोमध उंच, कडेला उतरती. जड गोळे वळणावळणानं त्या छोट्या पांढऱ्या गोळ्याजवळ न्यायचे, एवढाच खेळ, पण त्यात दुपार कशी जाते कळत नाही. ग्लेनिस शाळेतून सुटून परस्पर तिथेच आली होती. कडेच्या बाकावर पाचसहा जण, चहाची किटली फिरत होती. नवी टाकी बघून सगळ्यांनी चेष्टा केली.

“सिरिल, आगगाडी कधी सुटणार?”

“सीट राखून ठेवतो, बस.”

त्यानं टाकी भरली. आतली तापणारी तार, कॉइल, सकाळीच बदललेली होती. नवीन कॉइल घातली की तिच्यातला कापूस रसानं पूर्ण भिजेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. “एक चहा थांब,” असं तो प्रत्येकाला सांगायचा. बेकपमध्ये घाई करणाऱ्या माणसाला, मग तो रस्ता ओलांडत असला तरी, “एक चहा थांब” म्हणायचे, ते त्याच्यावरूनच. सकाळी तो दोन चहा थांबला होता. त्यात चूक नव्हती.

चूक पुढे झाली. खेळ रंगला, तो बाकावर बसून ओढत राहिला, बोलत राहिला. टाकीतला रस किती उरला हे सिरिलनं आयुष्यात कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. बघायची गरजच नसे. रस तळाला गेला की चव पातळ होते, जीभ सांगते, माणूस आपोआप भरतो. जुनी टाकी असती तर दुपार निघाली असती. ही वीस मिनिटांत कोरडी झाली, आणि सिरिलला सांगणारं कुणी नव्हतं. त्यानं बटण दाबलं, ओढली. घसा जरा जास्त पोळला. वॅट जास्त आहेत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पुन्हा ओढली. आणि तिसऱ्यांदा.

शेजारी बसलेल्या ग्लेनिसनं नाक दाबलं. “अरे देवा! काय जळतंय? सिरिल, तुझा कापूस जळतोय!”

सगळे वळले. जळका कापूस ज्यानं एकदा ओढला तो ते जन्मात विसरत नाही. पहिल्याच झुरक्याला डोळ्यांत पाणी येतं, माणूस टाकी भिरकावतो, अर्धा तास शिव्या देतो. सिरिल मांडीवर टाकी घेऊन शांत बसला होता. त्यानं काचेकडे बघितलं. कोरडी ठणठणीत.

“ज्यानं गावाला थांबायला शिकवलं त्याचाच बंब पेटला!” कुणीतरी ओरडलं आणि बाकभर हशा पिकला. सिरिलही हसला. “इंजिन गरम करत होतो,” म्हणाला. खेळ पुढे सुरू झाला.

ग्लेनिस मात्र हसली नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. दोन गोळे घरंगळत जाऊन थांबले. मग हळू आवाजात, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “तीनदा ओढलास तू. मी मोजलं.”

सिरिलनं टाकी रुमालात गुंडाळली.

“कधीपासून?”

“जानेवारी.”

तिनं बोटांवर महिने मोजले, फेब्रुवारीशी थांबली. सिरिलला वाटलं, आता ही बोलेल, चारचौघांत बोलेल, आणि तिनं बोलावंच. ग्लेनिसनं थर्मासचं झाकण उघडलं, त्याच्या कपात चहा ओतला, दोन चमचे साखर घातली. त्याला चहात साखर आवडत नाही हे तिला माहीत होतं.

“पी,” ती म्हणाली. “तुला काय फरक पडतो, मेल्या.”

आणि आता ती हसली. मग उठून आपला गोळा घेऊन मैदानात गेली.

शुक्रवारचा दिवस सिरिलनं टेबलाशी कोरं कार्ड घेऊन काढला. पहिल्या तीन ओळी झरझर झाल्या. चौथ्या ओळीशी पेन थांबलं. लिहिता काहीही आलं असतं. ब्लॅकबेरीचं रान, ऑगस्टमधलं, उन्हानं तापलेलं. लहानपणी डोंगरावरून डबा भरून आणायचो, तसली चव. शब्द त्याला सुचत होते, चव आठवत होती, आणि ती आठवण खरी होती. कारखान्यात तो तोंडी सांगायचा, फोरमन अर्धंमुर्धं लिहायचा, ती वही कुठे गेली कुणास ठाऊक. ही कार्डं त्याच्या हातची होती. दोन खोटी कार्डं भिंतीवर टोचून तो तीन महिने त्यांच्याखाली बसून चहा प्यायला होता, आणि एक पोर अजून आजीच्या मांडीवर गेली नव्हती.

शनिवारी अकरा वाजता तो दुकानात गेला. ग्लेनिस आधीच खुर्चीत बसली होती. तो थेट भिंतीपाशी गेला, फेब्रुवारीचं कार्ड काढलं, मार्चचं काढलं, दोन्ही घडी करून खिशात घातली. टाचण्या काउंटरवर ठेवल्या. मग नवं कार्ड जॅनीनसमोर सरकवलं.

जॅनीननं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, तिची सवयच होती. “गळती: नाही. बसमध्येही नाही. बॅटरी: दुपारपर्यंत, दुसरी जवळ ठेवा. खिसा: जड, कोट घाला. काचेवर नजर ठेवा, वीस मिनिटांत कोरडी होते. चव…” ती थांबली. चौथी ओळ तिनं मनात वाचली.

तिथे लिहिलं होतं: चव: मला जानेवारीपासून चव येत नाही. दुसऱ्याला विचारा. सि. हॉवर्थ.

“काका,” जॅनीन म्हणाली. तिनं कार्ड काउंटरवर ठेवलं.

“तुला आधी सांगायला हवं होतं. आता भिंतीसाठी दुसरा माणूस बघ. टाकी स्वच्छ धुऊन आणलीय, कॉइल नवीन आहे. मी निघतो.”

“एक चहा थांब,” ग्लेनिस म्हणाली.

तिनं टाकी उचलली, जॅनीनकडून ओढायचं नवं तोंड मागून घेऊन बसवलं, रस भरला. मग खरंच थांबली. जॅनीननं चहा केला, तिघांनी प्यायला. चहा संपल्यावर ग्लेनिसनं बटण दाबलं, ओढली, डोळे मिटले. ढगात तिचा चेहरा दिसेनासा झाला. आतून आवाज आला, “आई गं.”

“काय?” सिरिल पुढे झुकला. “पितळ?”

“पितळ कसलं! ब्लॅकबेरी आहे रे. अगदी पिकलेली, बोटं जांभळी करणारी. मागे काहीतरी आहे… थांब.” तिनं पुन्हा ओढली. “साय. सोडताना शेवटी साय येते.”

“जीभ कोरडी पडते?”

“नाही.”

“पाच-सहा वेळा सलग ओढून बघ. मग सांग. पहिला झुरका सगळ्यांचाच गोड असतो.”

ग्लेनिसनं ओढून बघितली, सिरिल प्रश्न विचारत राहिला, आणि पाऊण तासानं तिनं पेन घेतलं. चौथ्या ओळीखाली आपल्या तिरप्या, घाईच्या अक्षरात लिहिलं: ब्लॅकबेरी, शेवटी साय. पितळ नाही. ग्लेनिस. जॅनीननं ते कार्ड दोन्ही अक्षरांसकट भिंतीवर टोचलं. मग खाली वाकून एक न उघडलेला खोका वर काढला आणि दोघांच्या मधोमध ठेवला.

“सोमवारपासून,” ती म्हणाली. “गळती, बॅटरी, खिसा तुमच्याकडे, काका. चौथी ओळ हिच्याकडे.”

“ही बाई? शाळेतली पोरं हिचं जेवण कुत्र्याला घालतात!”

“कुत्रं धष्टपुष्ट आहे म्हटलं,” ग्लेनिस म्हणाली आणि पर्समधली काड्यापेटी काढून तिनं कालव्यापर्यंत न जाता जॅनीनच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

घरी पोचायला त्याला दीड वाजला. चढावर त्याला एकदाही थांबावं लागलं नाही. एनिडनं थाटात टेबल मांडलं होतं, शनिवारचं, पांढऱ्या कापडाचं. जेवण झाल्यावर तिनं ओव्हनमधून रुबार्बच्या लाल देठांचं क्रम्बल, वर कुरकुरीत चुरा भाजलेलं गोड, काढलं, त्याच्या पुढ्यात वाडगा ठेवला आणि नेहमीसारखी बोलू लागली.

“आलं आज जरा जास्त झालंय. आणि रुबार्ब कोवळी आहे, परसातली पहिलीच…”

सिरिलनं चमचा खाली ठेवला. तो तिच्याकडे बघत राहिला. मिरी. करपलेलं कवच. सूपातला ओवा. हिवाळ्यापासूनचं एकेक ताट त्याला आठवलं.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

एनिड कस्टर्डचं भांडं पुसत होती. “जानेवारीत मी ग्रेव्हीत मीठ घालायला विसरले. तू दोनदा वाढून घेतलंस.”

“बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून.” तिनं त्याच्या वाडग्यात कस्टर्ड ओतलं. “बोललास ना आज. बाजारातून येताना दुकानाच्या काचेतून कार्ड वाचलं. अक्षर छान आलंय.”

बाहेर कुणाच्या तरी अंगणात कपडे वाळत होते, वाऱ्यानं फडफडत होते. सिरिलनं चमचा उचलला, एक घास घेतला. गरम होता, वर कुरकुरीत, खाली मऊ. त्यानं तो हळूहळू चावला.

“रुबार्ब कशी आहे?” त्यानं विचारलं.

“आंबट.”

“किती?”

एनिडनं त्याच्या वाडग्यातला एक चमचा उचलून तोंडात घातला आणि नीट सांगता यावं म्हणून डोळे मिटले.